गर्भाच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांचा हिशेब

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत येऊन दाखल झाल्या. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून नंतर वैद्यकाकडे वळलेल्या या विदुषीवर सोपवलेले काम बिकट होते. शहरातील कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांना गरोदरपणात एक वेगळ्याच प्रकारचा पांडुरोग जडत असे. रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटे. उरलेल्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या, फुगलेल्या दिसत. लोह देऊन हा विकार हटत नसे. एखादा जंतू याच्या मुळाशी असावा, असाही संशय होता. विल्स यांनी रुग्णांच्या रक्ताइतकेच त्यांच्या ताटाकडेही लक्ष दिले. निकृष्ट आहार आणि हा पांडुरोग यांची सांगड त्यांच्या ध्यानात आली. तसाच आहार देऊन त्यांनी आधी उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग केले, नाना पदार्थ देऊन पाहिले. अखेर गुण आला तो मार्माइटने. म्हणजे यीस्टपासून केलेल्या आणि इंग्रज लोक न्याहारीला पावावर लावून खातात त्या स्वस्त काळ्या लगद्याने. १९३१ साली त्यांचा हा अहवाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला.

मार्माइटमधील गुणकारी द्रव्य कोणते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. बरीच वर्षे ते ‘विल्स घटक’ या नावाने ओळखले जात होते. १९४१ साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी तब्बल चार टन पालकाच्या पानांवर प्रक्रिया करून एक द्रव्य वेगळे केले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले. पुढे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या संशोधनाची सूत्रे आंध्रातील भीमावरमहून तिकडे गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. गिरणीकामगार स्त्रियांच्या पांडुरोगावरचे औषध म्हणून शोध लागलेले हे द्रव्य पुढे अर्भकाचा पाठीचा कणा नीट जुळणार की नाही, हे ठरवणाऱ्यांपैकी एक निघाले. एवढेच नव्हे, तर गर्भातील कोणते जनुक बोलणार आणि कोणते मूक राहणार, यातही त्याचा हात असल्याचे गेल्या काही दशकांत स्पष्ट होत गेले आहे. आजचा विषय तोच आहे.

विल्स यांचा अहवाल निघाला त्याच वर्षी, म्हणजे १९३१ मध्ये, केंब्रिजचे जोसेफ नीडहॅम यांचा ‘केमिकल एम्ब्रियॉलॉजी’ हा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे चिनी विज्ञानाचे इतिहासकार म्हणून ख्यातनाम झालेले नीडहॅम त्या वेळी गर्भाच्या रसायनशास्त्रात बुडालेले होते. अंड्यातील गर्भ किती प्राणवायू घेतो, आज साखर जाळतो की उद्या चरबी, याचा अफाट तपशील त्यांनी मांडला. परंतु जनुके म्हणजे काय, याचाच तोवर पत्ता नव्हता. पुढे डीएनएची रचना उलगडली आणि गर्भशास्त्रज्ञांचे सारे लक्ष जनुकांकडे वळले. चयापचय ही केवळ पडद्यामागची व्यवस्था आहे, असा समज रूढ झाला. जनुकांनी हुकूम सोडायचे आणि चयापचयाने इंधन पुरवायचे, अशी ही कामाची वाटणी होती. ती पाठ्यपुस्तकात शोभून दिसे. गर्भाने मात्र ती कधीच मानली नव्हती.

वस्तुतः आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत जनुकांचा संच जवळपास सारखाच असतो. तरीही यकृताची पेशी यकृतासारखी वागते आणि मेंदूची मेंदूसारखी, कारण प्रत्येकीत वेगवेगळी जनुके कार्यरत असतात. जनुक कार्यरत होणे म्हणजे त्याच्यातील मजकूर वाचला जाऊन त्याबरहुकूम प्रथिन तयार होणे; यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. एका फलित अंड्यापासून हृदय, हाडे, डोळे वेगवेगळे घडतात ते कोणते जनुक, कोठे आणि कोणत्या तासाला व्यक्त होते या नक्षीमुळे. मग प्रश्न असा उरतो, की ही नक्षी काढणारा हात चयापचयापासून खरोखरच अलिप्त आहे काय?

गर्भाच्या अगदी पहिल्या दिवसांतच याचे उत्तर मिळते. फलित अंडे सुरुवातीला आईने अंड्यात भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालते. त्याची स्वतःची जनुके निद्रिस्त असतात. उंदरात दोन पेशींच्या अवस्थेत आणि माणसात चार ते आठ पेशींच्या सुमारास ती जागी होतात. या काळात गर्भाला ग्लुकोज फारसे उपयोगी पडत नाही, त्याला पायरुवेट नावाचे छोटे इंधन लागते, हे १९६० च्या दशकापासून ज्ञात होते. त्याच्याविना उंदराचा गर्भ दोन पेशींपाशी अडून बसतो. उपासमार झाली म्हणून अडला, असे स्पष्टीकरण त्यावर पुरेसे वाटत असे. २०१७ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील उत्पल बॅनर्जी यांच्या गटाने दाखवून दिले, की प्रकरण इंधनापुरते नाही. पायरुवेटवर प्रक्रिया करणारी काही विकरे (एन्झाइम्स), ज्यांचे एरवीचे घर पेशीतील मायटोकाँड्रियामध्ये असते, ती या घटकेला चक्क पेशीकेंद्रात शिरतात आणि तेथील गुणसूत्रांवर रासायनिक खुणा उमटवण्यासाठी लागणारी द्रव्ये जागच्या जागी पुरवतात. त्याशिवाय गर्भाची जनुके जागीच होत नाहीत. स्वयंपाकघरातील माणसांनी उठून दिवाणखान्यात यावे आणि तेथील दिवे लावावेत, तसा हा प्रकार आहे.

याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका संशोधनाचा उल्लेख केला पाहिजे. कोंबडीच्या आणि उंदराच्या गर्भात शरीर शेपटीच्या टोकाकडून लांबत जाते. ऑलिव्हिए पूर्किए आणि हायडेलबर्गचे अलेक्झांडर आउलेहला यांच्या गटांना तेथे साखर झपाट्याने फोडण्याची प्रक्रिया टोकाशी अधिक आणि पुढे क्रमाक्रमाने कमी होत गेलेली आढळली. टोकाकडील पेशींत साखर फोडणाऱ्या विकरांची जनुकेच अधिक व्यक्त होत होती. ही प्रक्रिया रोखली, तेव्हा पेशींना शेपटीचीच ओळख टिकवून ठेवण्याचा संदेश देणारी यंत्रणा मंदावली आणि शरीराचे लांबणे थांबले. म्हणजे जनुकांनी चयापचयाची नक्षी काढली आणि त्या नक्षीने उलट जनुकांचा संदेश सावरून धरला. यात धनी कोण आणि चाकर कोण, हे ठरवणे कठीणच.

परंतु या साऱ्या मार्गांत मानवी आयुष्याशी थेट भिडणारा मार्ग एकच, आणि तो विल्स यांच्या घटकाचा आहे. फोलेट, म्हणजे फॉलिक आम्लाच्या कुळातील द्रव्ये, शरीरात हमालाचे काम करतात. ती कार्बनचा एकेक अणू पाठीवर वाहून नेतात आणि ठरलेल्या ठिकाणी उतरवतात. या वाहतुकीचे दोन मोठे मुक्काम आहेत. पहिल्या मुक्कामावर तो कार्बन डीएनएची अक्षरे बनवण्यासाठी खर्च होतो. पेशीला दुभंगायचे तर संपूर्ण डीएनएची नक्कल करावी लागते. अक्षरे कमी पडली की विभाजन रखडते. विल्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या मोठ्या, फुगलेल्या पेशी त्यामुळेच होत्या: वाढत राहिलेल्या, पण वेळेवर दुभंगू न शकलेल्या. दुसऱ्या मुक्कामावर तो कार्बन मिथिल गटाच्या रूपाने मिथिओनिन हे अमिनो आम्ल बनवण्यासाठी वापरला जातो आणि तेथून शेवटी डीएनएवर अथवा डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर जाऊन बसतो. डीएनएच्या मोक्याच्या जागी मिथिल गट बसला, की ते जनुक बहुधा मूक होते. अक्षर बदलत नाही, शब्द बदलत नाही. केवळ त्या पानावर पट्टी चिकटवली जाते.

आता गर्भातील वेळापत्रक पाहा. फलनानंतर आईबापांकडून आलेल्या या पट्ट्यांपैकी बहुतांश पुसल्या जातात आणि गर्भ गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास नव्याने लावल्या जातात. नव्या पट्ट्यांसाठी लागणारे मिथिल गट आईच्या रक्तातून, म्हणजे अंतिमतः तिच्या अन्नातून यायचे असतात.

यामुळे काय घडू शकते, हे उंदरांच्या एका जातीने फार नाट्यमय रीतीने दाखवले. या उंदरांत ‘अगुटी’ नावाच्या जनुकाशेजारी डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला असतो. त्या तुकड्यावर मिथिलची पट्टी नसेल, तर जनुक अष्टौप्रहर बोलत राहते. उंदीर पिवळा, लठ्ठ आणि मधुमेही होतो. पट्टी असेल तर तो सर्वसाधारण तपकिरी रंगाचा आणि सडपातळ राहतो. २००३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांनी अशा उंदरांच्या माद्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल, जीवनसत्त्व ब-१२, कोलीन आणि बिटेन यांचा जादा खुराक दिला. त्यांच्या पिल्लांत तपकिरी रंगाची पिल्ले वाढली आणि तपासले असता त्या तुकड्यावर मिथिल गटही अधिक आढळले. जनुक तेच, आई त्याच जातीची. फरक होता तो तिच्या ताटात. पिवळा आणि तपकिरी उंदीर शेजारी बसल्याचे छायाचित्र पुढे कित्येक पुस्तकांत झळकले. त्याच्या आधारे ‘आहाराने नशीब बदला’ छापाचे जे साहित्य बाजारात आले, त्याला मात्र या प्रयोगाचा आधार नाही. माणसात असा उपरा तुकडा आणि असा सरळ परिणाम क्वचितच सापडतो.

तरीही माणसात काहीच नाही, असेही नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशातील खेड्यांत पावसाळा हा उपासमारीचा, तर कोरडा ऋतू सुगीचा. वॉटरलँड आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी तेथील मुलांच्या डीएनएची तपासणी केली. ज्यांची गर्भधारणा पावसाळ्यात झाली होती, त्यांच्या काही विशिष्ट जनुकस्थळांवर मिथिल गट अधिक होते. पावसाळ्यात धान्याची चणचण असली, तरी फोलेटसारखी काही पोषकद्रव्ये त्या काळात मातांच्या रक्तात अधिक आढळली, हे २०१४ सालच्या त्यांच्या निबंधात आले. गर्भधारणेच्या वेळी आईच्या रक्तात काय होते, याची नोंद मुलाच्या डीएनएवर वर्षानुवर्षे राहिली होती. त्या मुलांच्या प्रकृतीवर याचा नेमका परिणाम काय, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो सुटलेला नाही.

पाठीच्या कण्याच्या बाबतीत इतकी संदिग्धता नाही. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींचा एक सपाट पट्टा दिसू लागतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. पट्ट्याची नळी होते. हीच मज्जानलिका. तिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो. सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी ही नळी दोन्ही टोकांनी बंद झालेली असते. डोक्याकडचे टोक उघडे राहिले तर मेंदूचा आणि कवटीचा वरचा भाग तयारच होत नाही आणि असे मूल जगत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर मूल जगते. पण त्याला जन्मभर अधू पाय, मलमूत्रावर ताबा नसणे आणि पुष्कळदा डोक्यात पाणी साचणे यांचा सामना करावा लागतो. याला स्पायना बायफिडा म्हणतात. तान्ह्या बाळाच्या पाठीवरील ती पातळ, पाणी भरलेली पिशवी ज्या आईवडिलांनी पाहिली आहे, त्यांना अठ्ठावीस हा आकडा किती क्रूर आहे हे सांगावे लागत नाही. कारण या दिवशी आईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींनी अजून चाचणीही केलेली नसते.

फोलेटचा मार्ग तोडला तर गर्भाचे काय होते, याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक आम्लाशी साधर्म्य असलेले, पण त्याच्या कामात अडथळा आणणारे अमिनॉप्टेरिन हे औषध तयार केले. १९४८ साली बॉस्टनच्या सिडने फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त मुलांना देऊन त्यांचा आजार काही काळ ओसरल्याचे दाखवले. हेच औषध पुढे काही स्त्रियांना गर्भपातासाठी दिले गेले. जेथे गर्भपात झाला नाही, तेथे गर्भात गंभीर व्यंगे आढळली. १९६५ साली इंग्लंडमधील हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी व्यंग असलेल्या मुलांच्या मातांमध्ये फोलेटच्या चयापचयात बिघाड असावा, असे सुचवले. तरी निर्णायक पुरावा मिळण्यास १९९१ साल उजाडावे लागले. ज्या स्त्रियांचे आधीचे मूल असे व्यंग घेऊन जन्मले होते, अशांना सात देशांतील तेहतीस केंद्रांत गर्भधारणेपूर्वीपासून रोज चार मिलिग्रॅम फॉलिक आम्ल देण्यात आले. पुनरावृत्तीचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. फरक इतका स्पष्ट होता, की ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचणी मुदतीपूर्वीच थांबवली. पुढच्याच वर्षी हंगेरीतील चाचणीने पहिल्या बाळंतपणातही हा लाभ होतो हे सिद्ध केले. १९९८ पासून अमेरिकेने पिठात फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे केले.

गोळी लागू पडली, पण ती नेमकी कशी? हा प्रश्न सुटायला पुन्हा उंदीरच कामी आले. ‘स्प्लॉच’ नावाच्या उंदरांत पॅक्स-३ हे जनुक सदोष असते. इतर जनुकांना कामाला लावणाऱ्या मुकादम जनुकांपैकी ते एक. या उंदरांच्या गर्भात पाठ उघडी राहते. लंडनमध्ये अँड्र्यू कॉप आणि अँजेलीन फ्लेमिंग यांनी १९९८ मध्ये दाखवले, की असे गर्भ डीएनएची अक्षरे बनवण्यात मागे पडतात आणि त्यांना फॉलिक आम्ल किंवा थायमिडीन हे तयार अक्षर पुरवले तर अनेकांची पाठ जुळते. गंमत अशी, की दुसऱ्या मुक्कामाचे द्रव्य, म्हणजे मिथिओनिन दिल्यावर दोष उलट वाढले. म्हणजे येथे अडचण पट्ट्यांची नसून अक्षरांची होती. कॉप यांचे सहकारी निकोलस ग्रीन यांच्या गटाने आणखी एक धागा उकलला. पेशीच्या मायटोकाँड्रियामध्ये ग्लायसीन या अमिनो आम्लाचे तुकडे करून त्यातून एकेक कार्बन मोकळा करणारी यंत्रणा असते. तिचे जनुक गर्भाच्या ज्या पेशींपासून मज्जासंस्था घडायची असते, त्यांत जोमाने व्यक्त होते. ते निकामी केलेल्या उंदरांत मज्जानलिका उघडी राहते. मात्र आईला फॉर्मेट हे एक कार्बनचे साधे क्षारद्रव्य दिले, की दोष टळतो. हमाल शाबूत होता. त्याच्या पाठीवर ठेवायला मालच नव्हता.

म्हणूनच फॉलिक आम्लाची गोळी सर्वच दोष टाळू शकत नाही. चीनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रचंड पाहणीत रोज ०.४ मिलिग्रॅमच्या गोळीने उत्तरेकडील भागात, जेथे मुळात प्रमाण फार होते, हे दोष ७९ टक्क्यांनी घटले. दक्षिणेकडे ४१ टक्क्यांनीच. ‘कर्ली टेल’ नावाच्या उंदरांना फॉलिक आम्लाचा काहीही उपयोग होत नाही, परंतु इनोसिटॉल दिले तर होतो. नळी बंद होण्याचे काम अनेक मार्गांवर अवलंबून आहे आणि त्यांपैकी कोणता मार्ग अडला, हे प्रत्येक गर्भात वेगळे असू शकते. ‘आई नीट वागली नाही म्हणून असे झाले’ हे आपल्या घरांतून सहज उच्चारले जाणारे वाक्य त्यामुळे अन्यायकारक तर आहेच, शास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

येथपर्यंतची कथा फोलेटची झाली. भारतात आणि त्यातही महाराष्ट्रात तिचा पुढचा अध्याय आहे तो ब-१२ चा. वर सांगितलेल्या दुसऱ्या मुक्कामाची एक अट आहे: मिथिल गट उतरवून घेणारे विकर ब-१२ जीवनसत्त्वाशिवाय चालत नाही. ब-१२ कमी असेल तर मिथिल गट पाठीवर घेतलेला फोलेट तेथेच अडकून पडतो. त्याला ओझे उतरवता येत नाही आणि ओझ्यासह मागेही फिरता येत नाही, कारण तो टप्पा एकदिशा आहे. परिणामी मिथिलच्या पट्ट्या तर कमी पडतातच, पण रिकामे हमाल परत न आल्याने डीएनएच्या अक्षरांचे कामही रखडते. म्हणजे शरीरात फोलेट भरपूर असूनही ते असून नसल्यासारखे. आयर्लंडमधील २००९ सालच्या अभ्यासात ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी होते, त्यांच्या अर्भकांत मज्जानलिकेच्या दोषांचा धोका अडीच ते तीन पट आढळला, तो याच कारणाने असावा.

ब-१२ केवळ सूक्ष्मजीव तयार करतात. आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून येते. भाजीपाला आणि डाळींत ते नसते. शाकाहारी घरांत दुधाचा वाटा चहापुरता उरला, की तूट अटळ ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील बायका शेतात राबणाऱ्या, अंगाने बारीक. त्यांची बाळेही कमी वजनाची. मात्र या किरकोळ बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक होते. मातांच्या रक्ततपासणीत फोलेट जवळजवळ सर्वांचे पुरेसे निघाले. ब-१२ मात्र सुमारे दोन-तृतीयांश जणींत कमी. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली. ज्यांच्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट अधिक अशी जोडी होती, त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. मधुमेहाची ही पहिली पायरी. २००८ साली हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा ब-१२ ची तूट हा केवळ पांडुरोगाचा विषय आहे, या समजुतीला धक्का बसला.

या निष्कर्षाचा विपरीत अर्थ काढून फॉलिक आम्लाची गोळी टाळणे मात्र धोक्याचे आहे. हा निरीक्षणाचा अभ्यास होता. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एकीने दुसरी घडवली असे त्यातून सिद्ध होत नाही. मज्जानलिकेच्या बाबतीत फॉलिक आम्लाचा पुरावा प्रत्यक्ष चाचण्यांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस गर्भधारणेचा विचार सुरू झाल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅमची आहे. आधीचे मूल दोष घेऊन जन्मले असेल, तर मात्रा बरीच मोठी लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. याज्ञिक यांच्या निष्कर्षांतून निघणारा सावध बोध इतकाच, की फोलेट देताना जोडीदार हजर आहे की नाही, हे पाहायला हवे. सरकारी दवाखान्यात मिळणारी परिचित लाल गोळी लोह आणि फॉलिक आम्लाची. तिच्यात ब-१२ नसते. शिवाय ती चौथ्या महिन्यापासून सुरू होते. रक्तवाढीसाठी ती आवश्यकच आहे. परंतु मज्जानलिका त्यापूर्वी कितीतरी आधी बंद झालेली असते, अथवा उघडी राहिलेली असते. पहिल्या तिमाहीसाठी केवळ फॉलिक आम्लाची वेगळी गोळी देण्याची तरतूद आहे. पण नाव नोंदवायला आलेली स्त्री आठव्या-नवव्या आठवड्यात आली, तर तिचाही या कामी उपयोग उरत नाही.

आपल्याकडे गर्भसंस्कारांचे स्तोम मोठे आहे. सातव्या महिन्यात कोणते संगीत ऐकावे, यावर वर्ग चालतात आणि पुस्तके खपतात. लग्न ठरलेल्या मुलीचे ब-१२ एकदा तपासावे, हे मात्र सहसा कोणाला सुचत नाही. पत्रिका जुळवण्याच्या खर्चात ती तपासणी आरामात बसते. मधुमेहासाठी किंवा पाळीच्या तक्रारींसाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या स्त्रियांनी तर ती अवश्य करावी, कारण त्या औषधाने ब-१२ ची पातळी खालावू शकते.

खेड्यांतील त्या पाहणीतूनच पुढे ‘प्रिया’ ही चाचणी उभी राहिली. १९९० च्या दशकात जे गर्भ म्हणून नोंदवले गेले होते, ती मुले-मुली २०१२ साली सतरा वर्षांच्या आसपास होती. त्यांच्यापैकी काहींना ब-१२ ची अगदी अल्प मात्रा, रोज दोन मायक्रोग्रॅम, देण्यास सुरुवात झाली. काहींना ब-१२ सोबत इतर सूक्ष्मपोषके आणि काहींना औषध नसलेली गोळी. मुलींची लग्ने झाली, त्या गरोदर राहिल्या, तेव्हा त्यांच्या बाळांची तपासणी सुरू झाली. जन्मवजनात गटागटांत फरक पडला नाही. मात्र ब-१२ घेतलेल्या मातांच्या बाळांच्या नाळेतील रक्तात ते अधिक होते आणि सुमारे दोन वर्षांच्या वयात केवळ ब-१२ घेतलेल्या मातांची मुले आकलनाच्या आणि भाषेच्या चाचण्यांत सरस ठरल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या मुलांची संख्या मर्यादित होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ती मुले मोठी होऊन त्यांच्या अंगातील साखर आणि चरबी कोणत्या वळणाने जाते, हे कळायला अजून काही वर्षे जावी लागतील.